एफडी मोडली, आता दुकानही मोडू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४६. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर १८ वर्षांपासून व्हिडिओ गेमचं दुकान. सुरुवात पीएस टूच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या दुसऱ्या प्लेस्टेशन कन्सोलच्या काळातली, तेव्हा कन्सोलमध्ये चिप बसवण्याचं कामही ते स्वतःच करायचे. गाळ्याचं भाडं २८ हजार. करार ३१ मार्चला संपतोय आणि पुढच्या करारासाठी मालक ३२ हजार मागतोय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात साठच्या वर नव्या डिस्क गेल्या होत्या, यंदा ९ गेल्या. जुन्या डिस्क बदलून न्यायला पोरं अजून येतात. महिन्याला २५-३० बिघडलेले कंट्रोलरही (हातात धरून खेळायचे) येतात, ते दुरुस्तीला मुंबईला लॅमिंग्टन रोडला पाठवले जातात. गिऱ्हाईकाकडून ९०० घेतात, तिकडे ६५० जातात, कुरिअरचे १००, हातात १५० उरतात. दिवाळीचा माल भरायला पोस्टातली एफडी मोडली. पत्नी शिक्षिका आहेत, वर्षभर घर त्यांच्या पगारावर चाललंय. दुकान बंद करा असं त्यांचं म्हणणं आहे. शेजारचा मोबाइल कव्हरवाला गाळा घ्यायला तयार आहे. मित्र गेमिंग कॅफे टाकायला सांगतात. यांच्या स्वतःच्या मनात सार्वजनिक वाचनालयासारखी गेमची लायब्ररी काढायचं आहे. गेल्या महिन्यात १९ वर्षांचा मुलगा घरी नवा गेम खेळताना दिसला. त्याने तो ऑनलाइन सेलमधून ११०० रुपयांना घेतला होता. तोच गेम यांच्या दुकानात २४०० ला होता. “माझ्याच घरात मी हरलो, आता गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगू?” असं ते विचारतात.

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते दुकानाबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना एफडीच्या ओळीवर अडले. चार पानांच्या पत्रात ती एकच ओळ आहे, आणि “घरी अजून बोललो नाही” एवढं लिहून तुम्ही लगेच डिस्कच्या किमतींकडे वळलात. त्या ओळीकडे मी परत येणार आहे. पण तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते मुलाचं, म्हणून सुरुवात तिथून करते.

समजा, त्याच्या जागी तुमच्या दुकानात नेहमी येणारा एखादा कॉलेजचा पोरगा असता. क्लासची फी भरून उरलेल्या पैशांतून गेम घेणारा. त्याने विचारलं असतं, “काका, ऑनलाइन ११०० ला आहे, तुमच्याकडे २४०० ला, काय करू?” तर तुम्ही काय म्हणाला असतात? तुमच्या पत्रावरून तुमचा स्वभाव मला जेवढा कळला त्यावरून सांगते, तुम्ही म्हणाला असतात, “तिकडून घे बाळा.” मग जे उत्तर परक्या मुलाला दिलं असतं, ते पोटच्या मुलाने स्वतःच शोधलं तर त्यात पाठीत सुरा कुठे आला? त्याने तुम्हाला टाळलं नाही. त्याचे मित्र ज्या रात्री खेळायला बसले, त्या रात्री तोही बसला, एवढंच झालं. कदाचित तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्याने सांगितलं नसेल. तुम्हीही एफडीचं घरी सांगितलेलं नाही, त्यामुळे न सांगण्यामागे नेहमी गद्दारी नसते हे तुम्हाला वेगळं समजवायला नको.

तुम्ही स्वतःला बराच दोष दिलाय. दुकान सजवलं नाही, इन्स्टाग्राम केलं नाही, रविवारी बंद ठेवलं. यातलं काही थोडंफार खरं असेलही. पण जरा मागे वळून बघा. वाल्व्ह कंपनीने गेम डिस्कऐवजी नेटवरून पोचवणारं स्टीम सुरू केलं ते सप्टेंबर २००३ मध्ये, तुमचं शटर पहिल्यांदा वर जायच्याही आधी. आपल्याकडे ती लाट उशिरा आली, कारण पन्नास जीबीचा गेम उतरवायला तेव्हा आपल्या घरात नेट कुठे होतं? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मागून घरोघरी फायबर आलं आणि ती भिंत पडली. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस फाइव्ह भारतात आला तेव्हा त्याच्या दोन रूपांच्या किमती जाहीर झाल्या होत्या. डिस्कवालं ४९,९९० ला आणि बिनडिस्कचं ३९,९९० ला. म्हणजे डिस्क घालायच्या खाचेला कंपनीने दहा हजार रुपये किंमत लावून ठेवली. परदेशात २०२४ मध्ये आलेल्या पीएस फाइव्ह प्रोमध्ये ती खाचच नाही, हवी तर वेगळी विकत घ्यायची. निन्टेन्डोच्या स्विच टूसाठी मिळणाऱ्या काही कार्डांवर तर गेमच नसतो, नुसती किल्ली असते, गेम नेटवरून उतरवायचा. अमेरिकेत गेमस्टॉपसारख्या बलाढ्य साखळीने २०२४ च्या आर्थिक वर्षात तिथली ५९० दुकानं बंद केली. ब्रिटनमधल्या गेम नावाच्या साखळीने त्याच वर्षी जुन्या डिस्क घेणं थांबवलं. ज्यांच्याकडे पैसा, वकील आणि जाहिरात सगळं होतं त्यांची ही गत झाली. तुम्ही रविवारी दुकान उघडं ठेवलं असतं तर यातलं काय बदललं असतं?

म्हणून “मी हरलो” हे वाक्य मला मान्य नाही. पण “डिस्क परत येतील” हेही मान्य नाही, आणि तुमच्या पत्रात ती आशा दोन-तीन ठिकाणी डोकावते. तुम्ही लिहिता की ऑनलाइन घेतलेला गेम आपल्या मालकीचा नसतो, लोकांना एक दिवस कळेल. पहिला भाग खरा आहे. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. युबीसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केल्यावर पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना, आणि त्यात डिस्क घेतलेलेही होते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की तुम्ही परवाना घेताय, वस्तू नाही, हे विकताना स्पष्ट सांगावं लागतं. हे सगळं गिऱ्हाइकाला जरूर सांगा, त्याला कळायलाच हवं. मात्र ते कळल्यावर तो डिस्ककडे वळेल या भरवशावर ३२ हजारांच्या करारावर सही करू नका. लोकांना कळतं, आणि तरी ते सोयीचं तेच घेतात. आपणही घेतो.

इथे माझ्या मामांची आठवण येते. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. शनिवारी संध्याकाळी व्हीसीआर आणि चार कॅसेटी भाड्याने न्यायला रांग लागायची. केबल आली, मग सीडी आली, आणि रांग गेली. मामा मात्र पुढे चार वर्षं बसून राहिले. पावसाळ्यात कॅसेटींना आतून पांढरी बुरशी धरायची. ते एकेक कॅसेट उघडून, मऊ फडक्याला स्पिरिट लावून फीत पुसत बसायचे, न्यायला कुणी येत नव्हतं तरी. शेवटच्या वर्षी कुणीतरी लग्नाची कॅसेट घेऊन आलं आणि म्हणालं, याची सीडी करून द्याल का? मामांनी करून दिली. मग दुसरं आलं. नाशिकमधल्या कितीतरी लग्नांच्या, मुंजींच्या कॅसेटी मामांनी सीडीवर उतरवल्या, आणि ते काम त्यांना भाड्याच्या कॅसेटींपेक्षा जास्त देऊन गेलं. फीत कशी जपायची, अडकली तर कशी सोडवायची, हे त्यांच्याइतकं त्या भागात कुणालाच येत नव्हतं. त्यांना हे चार वर्षं आधी सुचलं असतं तर मामींच्या बांगड्या गहाण पडल्या नसत्या.

तुमच्या पत्रातली लग्नाची कॅसेट मला दिसते ती कंट्रोलरच्या ओळीत.

महिन्याला तीसेक कंट्रोलर तुमच्या काउंटरवर येतात आणि तुम्ही ते मुंबईला पाठवता. दीडशे रुपये सुटतात, महिन्याला साडेचार हजार. त्या कंट्रोलरला झालेलं काय असतं? बहुतेकांना ड्रिफ्ट. अंगठ्याने हलवायच्या काडीखालच्या सेन्सरची कार्बनची पट्टी घासली जाते आणि बोट न लावताही खेळाडू एका बाजूला चालायला लागतो. काडीचं मॉड्यूल काढायचं, डझनभर टाके सोडवायचे, नवं बसवायचं, कॅलिब्रेट करायचं. नवं बसवताना चुंबकावर चालणारं, हॉल सेन्सरचं टाकलं तर त्यात घासायला पट्टीच नसते. भाग दोन-तीनशेचा धरला तर तेच ९०० घेऊन तुमच्याकडे सहाशे राहतात. तीस नगांचे अठरा हजार. आणि नवा कंट्रोलर पाच-सहा हजारांचा आहे, त्यामुळे गिऱ्हाईक दुरुस्तीला येतच राहणार, गेम त्याने डिस्कवर घेतलेला असो की नेटवरून. डिजिटलवाल्याचाही कंट्रोलर बिघडतोच.

तुम्ही म्हणाल, मला कुठे येतं? अहो, पीएस टूमध्ये चिप कोण बसवत होतं? ती बारीक तार ज्या हाताने टाचली तो हात तुमचाच ना? त्या चिपा नकली डिस्क चालाव्यात म्हणून बसवल्या जायच्या ते आपल्याला ठाऊक आहे आणि ते बरोबर नव्हतंच. पण सोल्डरिंग तुम्ही शिकलात ते तिथेच. आता चष्मा लागला असेल, तर भिंगाचा दिवा घ्या. मेलेले दहा-बारा कंट्रोलर दुकानाच्या माळ्यावर पडलेले असतीलच, पहिले पंधरा दिवस त्यांच्यावर हात बसवा. टीव्हीची वायर लावायचं एचडीएमआयचं तुटलेलं पोर्ट, पंख्यातली धूळ ही पुढची पायरी. फक्त पीएस फाइव्हचा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता शोषणारा भाग, उघडायच्या भानगडीत लगेच पडू नका, त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो आणि तो बोर्डवर सांडला तर गिऱ्हाइकाचे पन्नास हजार गेले.

दुसरी गोष्ट जुन्या डिस्कची. इथे तुमच्याकडे असं काही आहे जे कुठलंही ऑनलाइन दुकान देत नाही. पाच हजारांचा गेम पोराने घेतला, तीन महिन्यांत संपवला आणि तुम्हाला अडीच हजारांना परत दिला, तर त्याला तो अडीच हजारांतच पडला. नेटवर घेतलेला गेम कुणाला विकता येतो? लोकांना हा व्यवहार किती प्रिय आहे ते २०१३ मध्ये दिसलं होतं. मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर जुन्या डिस्कच्या देवाणघेवाणीला बंधनं घालायचं जाहीर केलं, जगभर आरडाओरडा झाला आणि महिनाभराच्या आत त्यांना ते मागे घ्यावं लागलं. तेव्हा जुनी डिस्क हा धंदा अजून काही वर्षं आहे. खाच असलेले कन्सोल लोकांच्या घरात आहेत तोवर आहे, पुढे तो आटत जाणार. काही वर्षांचा धंदा म्हणूनच त्याच्याकडे बघा, मुलाला वारसा म्हणून द्यायचा धंदा म्हणून नको.

नव्या डिस्क मात्र स्वतःच्या पैशाने भरणं आजपासून बंद. कुणाला हवी असेल तर आगाऊ रक्कम घ्या आणि मागवून द्या. पडून असलेला माल पाडून विका, आधी फुटबॉलचा. तो गेम दरवर्षी नवा येतो आणि नवा आला की जुन्याला कुणी हात लावत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं. खरेदीच्या भावाखाली विकताना जीव तुटेल. तरी विका.

आता कॅफे. मित्रांनी सुचवलंय, आणि कॉलेज रोड-गंगापूर रोडची पोरं बघून कुणालाही ते सुचेल. कागदावर मांडू. कन्सोल, टीव्ही, दुसरा कंट्रोलर, खुर्ची धरून एक जागा ९० हजारांच्या घरात जाते. सहा जागा, वर एसी आणि इन्व्हर्टर, म्हणजे सहा लाख आलेच. तासाला शंभर रुपये आणि प्रत्येक जागा दिवसाला सरासरी चार तास भरली असं धरू, महिन्याचे २६ दिवस. ६२,४०० झाले. त्यातून भाडं ३२ हजार, लाइट बिल १० हजार, एक पोरगा ठेवला तर १२ हजार. उरले ८,४००, आणि सहा लाखांचा हप्ता अजून धरलेलाच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी, पुढे प्रवेश परीक्षा, तेव्हा खुर्च्या रिकाम्या. मी आकडे अंदाजाने घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. पण त्याआधी पंधरा दिवस संध्याकाळी नाशिकमधल्या चालू असलेल्या दोन-तीन कॅफेंसमोर उभं राहून किती खुर्च्या खरोखर भरलेल्या असतात ते मोजा. शिवाय गेमच्या डबीवर ‘घरगुती वापरासाठी’ असं छापलेलं असतं, ते वकिलाला दाखवा. पैजा लावून खेळवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला दुकानात उभं करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या पोरांना आपण तिकडे न्यायचं नसतं.

लायब्ररीची कल्पना वाचून मला तुमच्याबद्दल माया वाटली. आपलं सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून उभं आहे, तसं काही आपल्या हातून व्हावं असं वाटणं किती चांगलं आहे. पण पुस्तकाला आणि गेमला कायदा एका मापाने मोजत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार संगणक प्रणाली व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाकडे असतो, आणि गेम त्यात मोडतो. परवानगीशिवाय भाड्याने देत बसलात तर कधीतरी नोटीस यायची. हा विचार सोडा. जुन्या डिस्कच्या खरेदी-विक्रीचंही त्याच बैठकीत वकिलाला विचारून घ्या.

मोबाइल कव्हर विकायचा पर्याय तुम्हीच “मन लागणार नाही” म्हणून खोडलाय, मीही खोडते. मात्र त्या कव्हरवाल्याला सोडू नका. त्याला गाळा हवाय, तुम्हाला भाडं झेपत नाही. गाळा त्याला घेऊ द्या, आणि त्याच्याच दुकानात एक काउंटर तुम्ही मागा. पाच-सात हजारांत. दुरुस्ती आणि जुन्या डिस्क, दोन्हींना चार फूट जागा पुरते. त्याच्याकडे येणारी पोरं तुमचीच पोरं आहेत. जागा तीच, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकंही वाट चुकणार नाहीत. गाळामालकाची लेखी संमती आणि तुमच्या दोघांचा साधा करार एवढं मात्र हवं, तोंडी काही ठेवू नका. तो तयार झाला नाही, तर पहिल्या मजल्यावरची एखादी खोली किंवा घरातली पुढची खोली बघा. दुरुस्तीला माणूस जिना चढून येतो, नव्या मालाची खरेदी करायला चढत नाही.

हे वाचणाऱ्यांत फोटो स्टुडिओवाले असतील, झेरॉक्सवाले, घड्याळवाले असतील. तुम्हालाही एकच करून बघायला सांगते. तीन महिने वहीत तीन रकाने पाडा: नवा माल, जुना माल, हाताचं काम. रोजचा नफा, विक्री नाही, त्या त्या रकान्यात लिहा आणि शेजारी त्यावर गेलेले तास. ज्या रकान्याच्या जोरावर पाटी लावली होती तोच सगळ्यात कोरडा निघण्याची बरीच शक्यता आहे. तेव्हा पाटीच बदलायला हवी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि आता ती ओळ. एफडी.

पत्नी दुकान बंद करा म्हणतात तेव्हा तुम्हाला वाटतं, त्यांना तुमच्या १८ वर्षांची किंमत नाही. मला वेगळं वाटतं. ज्या बाईने वर्षभर एकटीच्या पगारात घर चालवलं आणि पहिल्या महिन्यातच आवाज चढवला नाही, तिने तुमच्या दुकानावर सगळ्यात मोठं भांडवल लावलंय. फक्त ते भांडवल किती शिल्लक आहे हे तिला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. त्यांचा ‘बंद करा’ हा सल्ला अर्ध्या माहितीवरचा आहे, आणि अर्धी माहिती तुम्हीच दिलीय. पुढे काउंटर घ्या, कॅफे काढा, काहीही करा, त्यांच्याशिवाय होणार नाही, कारण पहिले सहा महिने घर पुन्हा त्यांच्याच पगारावर चालायचंय. पैसे बुडाले यापेक्षा आपल्याला विचारलं नाही, हे जास्त लागेल. त्या रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तेवढं सोसा. “माल भरायला घेतले, चुकलं, आणि घाबरून बोललो नाही” यापुढे एकही स्पष्टीकरण देऊ नका.

बोलताना मुलालाही बसवा. तो १९ वर्षांचा आहे. त्याला विचारा की तो आणि त्याचे मित्र गेम कसे निवडतात, कुठला संपल्यावर विकावासा वाटतो, कंट्रोलर बिघडला की पहिला फोन कुणाला करतात. आणि त्याने घेतलेला तो गेम एकदा त्याच्या शेजारी बसून खेळा.

कराराची तारीख ३१ मार्च आहे. सोडायची असेल तर किती दिवस आधी लेखी कळवायचं आणि डिपॉझिट केव्हा परत मिळायचं, हे करारात आज रात्रीच बघून ठेवा. साधारण महिनाभराची मुदत असते, म्हणजे तीन रकान्यांच्या वहीवर बसून काय ते फेब्रुवारीत ठरवायला तुमच्याकडे वेळ आहे. पत्नीसमोर पासबुक ठेवायला मात्र फेब्रुवारीची वाट बघू नका. या रविवारी दुकान बंदच असतं ना? सकाळच्या चहाला ठेवा.